नकाशात नसलेला फूटपाथ

शहराचा डिजिटल नकाशा बहुतेक वेळा रस्त्याच्या मध्यरेषेपासून सुरू होतो. उपग्रहाच्या छायाचित्रावर रस्त्याच्या मधोमध एक रेघ ओढली जाते, चौकाच्या ठिकाणी बिंदू पडतो आणि या रेघा-बिंदूंच्या जाळ्यावर मार्ग शोधण्याचे गणित चालते. मोटारीला एवढे पुरते. पायी जाणाऱ्यालाही पुष्कळदा तीच रेघ दिली जाते, फक्त वेग कमी धरला जातो. व्हीलचेअरवरचा माणूस, पांढरी काठी घेऊन चालणारी विद्यार्थिनी, गुडघे धरलेल्या आजी आणि बाबागाडी ढकलणारी आई यांची वाट मात्र त्या रेघेच्या दोन्ही कडांना असते. नकाशात नेमकी तीच जागा कोरी असते.

भूमाहितीशास्त्र आणि नगररचना या विषयांची पदवी आज घेणारे सर्व स्नातक अभिनंदनास पात्र आहेत. ज्या व्यवसायात ते पाऊल टाकत आहेत, त्याने या कोऱ्या जागेकडे फार काळ डोळेझाक केली, हेही त्यांना आजच सांगितले पाहिजे.

या डोळेझाकीची मुळे कामाच्या मोजमापात आहेत. प्रस्तुत वक्त्याची उमेदवारी डिजिटायझिंग टेबलावर गेली. कागदी नकाशा टेबलावर चिकटवायचा, भिंगातली फुली रेषेवर आणायची, बटण दाबायचे, पुढच्या वळणावर सरकायचे. पैसे रस्त्याच्या किलोमीटरमागे मिळत. फूटपाथ उतरवला काय, न उतरवला काय, बिलात फरक पडत नसे. पुढे एका महापालिकेच्या निविदेत फूटपाथचा स्वतंत्र लेयर आला. दराच्या वाटाघाटी सुरू झाल्या आणि सर्वांत आधी तोच कापला गेला. ‘दुसऱ्या टप्प्यात घेऊ’ असा शेरा पडला. दुसरा टप्पा आला नाही. अशी बैठक या व्यवसायातल्या बहुतेक जुन्या माणसांनी पाहिली आहे. शेरा तोच असतो आणि कापला जाणारा लेयरही तोच.

फूटपाथ नकाशावर आणणे म्हणजे मुख्य रेघेला समांतर आणखी दोन रेघा ओढणे, असा एक समज आहे. प्रत्यक्षात फूटपाथच्या प्रत्येक तुकड्याला रुंदी, पृष्ठभाग, चढ-उतार आणि कडेची उंची असे गुणधर्म द्यावे लागतात, आणि रस्ता ओलांडण्याची प्रत्येक जागा वेगळी नोंदवावी लागते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार फूटपाथची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर आणि उंची जास्तीत जास्त 150 मिलिमीटर असावी. रॅम्पचा उतार 1:12 धरला, तर एवढी उंची उतरायला 1.8 मीटर लांबीचा रॅम्प लागतो. चौकाच्या कोपऱ्यावर तेवढी जागा नसली की कंत्राटदार सिमेंटचा उभा लपका मारून मोकळा होतो. कागदावर त्याची नोंद ‘रॅम्प’ अशीच होते, पण व्हीलचेअर त्यावर मागे कलंडते. म्हणून रॅम्प आहे की नाही एवढे विचारून भागत नाही. त्याचा उतार मोजावाच लागतो. बोलार्डचेही तसेच. दुचाकी चढू नये म्हणून मुंबईच्या फूटपाथवर खांब इतके जवळजवळ बसवले गेले की त्यांतून व्हीलचेअर जाईना. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. फूटपाथ रुंद, सपाट आणि नवा असूनही ज्याच्यासाठी तो हवा त्याला बंद असू शकतो, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

ही नोंद कशी करावी, याचे चांगले नमुने जगात आहेत. 2004 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपमध्ये कडेची उंची, स्पर्शफरशा आणि पृष्ठभागाचा खडबडीतपणा यांसाठी स्वतंत्र नोंदी आहेत, आणि त्या कोणालाही भरता येतात. त्याच माहितीच्या पायावर बर्लिनच्या ‘सोझियालहेल्डन’ या संस्थेने 2010 मध्ये ‘व्हीलमॅप’ उभा केला. व्हीलचेअर जाते ती जागा हिरवी, काही अंशी जाते ती नारिंगी, जात नाही ती लाल. अमेरिकेत सिॲटल हे टेकड्यांवर वसलेले शहर. तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातील टास्कर केंद्राने ‘ॲक्सेसमॅप’ तयार केला. त्यात चढ किती चालेल आणि उतार किती चालेल हे वापरणाऱ्याला वेगवेगळे सांगता येते, कारण हाताने चाक फिरवणाऱ्याचा चढावर दम जातो आणि उतारावर त्याच्यापुढे ब्रेकचा प्रश्न असतो. त्याच दोन ठिकाणांमध्ये तीन माणसांना तीन मार्ग मिळतात. सरासरी पादचारी गृहीत धरणारी पद्धत इथे मोडीत निघते.

व्हीलमॅपवर चौथा रंग आहे, राखाडी. त्याचा अर्थ इतकाच, की इथली माहिती अजून कोणी दिलेली नाही. सर्वसमावेशक नकाशाचे सगळे इमान या राखाडी रंगात आहे. सार्वजनिक वाहतुकीची वेळापत्रके ज्या जीटीएफएस नमुन्यात प्रसिद्ध होतात, त्यातही हीच शिस्त आहे. थांब्यावर व्हीलचेअरसह चढता येते का, या रकान्यात 1 म्हणजे येते, 2 म्हणजे येत नाही आणि 0 म्हणजे माहिती नाही. बिघाड होतो तो 0 चा अर्थ ‘अडचण नाही’ असा लावल्यावर. प्रवासी ॲप बनवणाऱ्या एका कंपनीत प्रस्तुत वक्ता सल्लागार असताना राखाडी ठिपक्यांवर आक्षेप आला: त्यांच्यामुळे नकाशा ओकाबोका दिसतो, गुंतवणूकदारांना काय दाखवायचे? विरोध नोंदवला गेला, पण ठिपके गेले. पुढे व्हीलचेअरवरच्या एका तरुणाला त्या ॲपने रेल्वे स्थानकाच्या अशा बाजूला नेऊन सोडले, जिथून फलाटावर जायला पुलाच्या पायऱ्यांखेरीज वाट नव्हती. मुलाखतीची वेळ गाठायला त्याला चार अनोळखी माणसांनी खुर्चीसकट उचलून नेले. नकाशा गप्प बसला असता तर त्याने आधी फोन करून चौकशी केली असती.

माहितीनंतर प्रश्न येतो मांडणीचा. स्क्रीन रीडरला चित्र वाचता येत नाही, म्हणून मार्गाची क्रमवार सूचना नकाशाइतकीच काळजीपूर्वक लिहावी लागते. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी रंगाच्या जोडीला आकार हवा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातील तफावतीचे प्रमाण किमान 4.5:1 हवे. थांब्यांची नावे देवनागरीत हवीत, कारण रोमन लिपीतले ‘औंध’ इंग्रजी आवाज असे काही उच्चारतो की बसमधल्या अंध प्रवाशाला आपला थांबा आला हेच कळत नाही. चाचणीच्या बाबतीत तर या व्यवसायाने फार आळस केला आहे. डोळस अभियंत्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला कार्यालयाच्या आवारात फिरवायचे आणि अहवाल लिहायचा, ही पद्धत अजून चालते. पुण्यातल्या पेठांमध्ये एका अंध शिक्षिकेबरोबर ॲपची चाचणी झाली, तेव्हा ‘डावीकडे वळा’ ही सूचना येण्याआधीच त्या वळत होत्या. कोपऱ्यावर पिठाची गिरणी होती. तिची घरघर आणि दळणाचा वास त्यांना पुरेसा होता. ॲपच्या माहितीत त्या गिरणीची नोंदच नव्हती. अशी खूण पट्टी बांधलेल्या अभियंत्याला सुचत नाही. जो रोज तसा चालतो त्यालाच ती ठाऊक असते.

भारतात या कामाला दोन जुन्या सबबी होत्या. पहिली कायद्याची. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा आहे. राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी सांगितले की सुगम्यतेचे नियम सक्तीचे असले पाहिजेत, त्या शिफारशी राहू शकत नाहीत. दुसरी सबब माहितीच्या परवानगीची. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्र सरकारने भूस्थानिक माहितीवरचे बहुतेक निर्बंध उठवले. 2022 मध्ये रस्त्यांची छायाचित्रे दाखवणारे गूगल स्ट्रीट व्ह्यू दहा शहरांत सुरू झाले; त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती. परदेशात अशा छायाचित्रांवरून स्वयंसेवक घरबसल्या रॅम्प आणि अडथळे नोंदवतात. दोन्ही सबबी आता संपल्या आहेत.

उरतो देखभालीचा प्रश्न. पावसाळ्याआधी फूटपाथ खणला जातो, पेव्हर ब्लॉक उखडतात, गणपतीत मांडव पडतो, चेंबरचे झाकण चोरीला जाते. म्हणून प्रत्येक नोंदीवर ती कोणी आणि कोणत्या तारखेला पाहिली हे असावे, आणि जुनी नोंद ठरावीक मुदतीनंतर पुन्हा राखाडी व्हावी. प्रायोगिक प्रकल्पाच्या उद्घाटनाला पैसा मिळतो, दुसऱ्या वर्षाच्या फेरपाहणीला मिळत नाही. मायक्रोसॉफ्टचे ‘साउंडस्केप’ हे ध्वनिनकाशाचे साधन 2018 मध्ये आले आणि जगभरच्या अंध वापरकर्त्यांची गरज बनले. 2023 मध्ये कंपनीने ते बंद केले. त्याची संगणकीय संहिता खुली केल्यामुळेच इतरांना ते पुढे चालवता आले. लोकांच्या चालण्याशी जोडलेली माहिती खुली ठेवणे किती गरजेचे आहे, हे त्यावरून दिसते.

स्नातकांपैकी कोणी महापालिकेत जाईल, कोणी कंपनीत, कोणी स्वतःचे काम उभे करील. फूटपाथ दुसऱ्या टप्प्यात ढकलणारा कागद प्रत्येकाच्या टेबलावर एकदा तरी येईल. त्यांनी तो पहिल्या टप्प्यात मागावा. आणि जिथे कोणी जाऊन पाहिलेले नाही, तिथे ‘माहिती नाही’ असे ठळक लिहिल्याशिवाय कोणताही नकाशा आपल्या सहीने बाहेर जाऊ देऊ नये.