मोडत्या संसाराचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषण)



संसार मांडताना हिशेब करण्यात आपण कमी पडत नाही. मानपान, दागिने, भांडी, पंगती यांच्या याद्या दोन्हीकडची वडीलमाणसे चष्मा लावून तपासतात. परंतु तोच संसार मोडू लागला म्हणजे हिशेबाचे नाव काढणे अभद्र वाटते. ‘आधी मने जुळतात का पाहू, पैशाचे मागून बघू,’ असे आपण म्हणतो. मीही एकदा तसेच म्हटले होते, आणि त्या सल्ल्याची किंमत दुसऱ्याच व्यक्तीस मोजावी लागली. म्हणून आज या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहे. मी वकील नव्हे, शाळामास्तर आहे. तेव्हा वर्गात सांगावे तसे सांगेन.

माझी एक जुनी विद्यार्थिनी बेळगावकडे दिली होती. लग्नाला बारा वर्षे झाल्यावर पतीने घटस्फोटाचा दावा लावला. तिला तो मान्य नव्हता. दोघे नोकरीत असताना घर घेतले होते, पण ते पतीच्या एकट्याच्या नावावर. त्याच्या पगारातून कर्जाचे हप्ते जात. तिच्या पगारातून वाणी, दूधवाला व मुलांची फी भागे. पुढे धाकट्याच्या आजारपणात तिने नोकरी सोडली. दावा उभा राहिला तेव्हा तिची समजूत अशी, की निम्मे घर आपलेच आहे.

कायदा तसे म्हणत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात पतिपत्नींच्या मिळकतीचे निम्मे वाटप करण्याची तरतूद नाही. लग्नप्रसंगी भेट आलेल्या व दोघांच्या सामाईक असलेल्या वस्तूंविषयी न्यायालय आदेश देऊ शकते. पण घर ज्याच्या नावाचे, त्याचे. आपला पैसा त्यात पडला असेल तर तो पुराव्याने दाखवावा लागतो. हप्त्याची पावती जपून ठेवलेली असते. वाण्याचे बिल कोण जपतो? घर चालविणाऱ्या हाताची नोंद दस्तऐवजात होत नाही, हे तिला फार उशिरा कळले.

आता हाच प्रसंग चोर्ला घाट उतरून गोव्यात नेऊन पाहा. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा चालत आला आहे, आणि तो हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सर्वांना लागू आहे. विवाहापूर्वी नोटरीसमोर वेगळा करार केला नसेल, तर दोघांची मालमत्ता सामाईक होते व प्रत्येकाचा त्यात अर्धा हिस्सा असतो. पत्नीच्या संमतीवाचून पतीला स्थावर विकता येत नाही. घटस्फोट झाल्यावर मालमत्तेची यादी करून वाटणी होते. घराचे दोन तुकडे करता येत नसतील तर त्या दोघांतच बोली लागते. जो घर घेतो तो दुसऱ्याचा वाटा रोख भरतो. मात्र अर्धे मागणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे, की दोघांच्या संमतीने काढलेले कर्जसुद्धा सामाईकच असते. विवाहनोंदणीची पहिली सही करताना किती तरुणतरुणी या गोष्टींची चौकशी करतात? आणि सामाईकपणा नको असेल तर करार लग्नाआधीच झाला पाहिजे. तो मागून करता येत नाही.

पोटगीकडे वळू. दावा वर्षानुवर्षे चालतो आणि पोट रोज लागते. म्हणून निकालापूर्वीच अंतरिम पोटगी व दाव्याचा खर्च मागता येतो. हिंदू विवाह कायद्यात हा हक्क पती किंवा पत्नी, ज्याला उत्पन्नाचे साधन नाही त्याला आहे. आणि शक्यतो नोटीस पोहोचल्यापासून साठ दिवसांत अर्जाचा निकाल लागावा असे कायदा सांगतो. आम्हां ख्रिस्ती लोकांना गोव्याबाहेर १८६९ चा घटस्फोट कायदा लागू आहे. त्यात पूर्वी अशी पोटगी पतीच्या उत्पन्नाच्या एकपंचमांशाहून अधिक मिळत नसे. २००१ च्या दुरुस्तीने ती मर्यादा गेली.

सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात दोन महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या. एक, दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न, मालमत्ता व देणी प्रतिज्ञापत्रावर मांडावीत. दुसरी, पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी. या दुसऱ्या वाक्यापाशी माझी मान खाली जाते. ती मुलगी माझ्याकडे आली तेव्हा मी म्हणालो होतो, ‘पैसे मागितलेस तर तो अधिकच बिथरेल. जरा थांब.’ ती दीड वर्ष थांबली. तो बिथरलाच, आणि अर्जच नसल्यामुळे त्या दीड वर्षाची पोटगी मात्र बुडाली. माझा हेतू चांगला होता. परंतु चांगल्या हेतूने मुलांची फी भरली जात नाही.

तेव्हा असा प्रसंग ज्यांच्यावर येईल त्यांनी काय करावे? प्रथम कागद गोळा करावेत: पगारपत्रके, बँकेची पुस्तके, प्राप्तिकराची विवरणे, कर्जाचे करारपत्र, घराच्या दस्ताची नक्कल, दागिन्यांच्या पावत्या. स्त्रीधनावर स्त्रीचीच पूर्ण मालकी असते. ते सासरच्यांनी अडकवून ठेवणे गुन्हा ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितले आहे. संयुक्त खात्यातून दोघांपैकी कोणीही रक्कम काढू शकत असेल तर बँकेला वेळीच लेखी कळवावे. गृहकर्जावर दोघांच्या सह्या असतील तर घटस्फोटाने बँक कोणालाही मोकळे करीत नाही. विमा व बचतीवरील नामनिर्देशनही पुन्हा तपासावे.

रागाच्या भरात घर सोडणाऱ्या भगिनींना विशेष सांगणे आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने पत्नीला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, मग त्या घरात तिची मालकी असो वा नसो. तिचा धर्म कोणता, हे तेथे पाहिले जात नाही.

पुरुषांनीही ऐकावे. उत्पन्न लपविणे, नोकरी सोडल्याचा देखावा करणे, घर भावाच्या नावावर करणे, या युक्त्या आज शहाणपणाच्या वाटतात. परंतु खोटे प्रतिज्ञापत्र उघडे पडले की खरी बाजूही कोणी खरी मानीत नाही. शिवाय तारखा, वकिलांची फी आणि बुडालेल्या रजा यांत जे जाते ते दोघांच्याही मुलांचेच असते.

कौटुंबिक न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करावा असे १९८४ चा कायदा सांगतो. समेट झाला तर आनंदच आहे. तो न होता संमतीने वेगळे होण्याचे ठरले, तर रक्कम, तारीख, मुलांचा खर्च, त्यांच्या भेटीचे दिवस, सारे स्पष्ट लिहून घ्यावे. तोंडी वचनावर दोघांनी एकदा विसंबून पाहिलेलेच असते.

माझ्या त्या विद्यार्थिनीने पुन्हा नोकरी धरली आहे. परवा ती भेटली तेव्हा म्हणाली, ‘सर, शाळेत तुम्ही व्याजाची गणिते शिकवलीत. हेही शिकवायला हवे होते.’ मला उत्तर सुचले नाही. आजचे हे भाषण हेच माझे उत्तर समजावे.