लाजाळूचं पान



आमच्या चिपळूणकडे पावसाळा सुरू झाला की वाटेच्या कडेला लाजाळूची रोपं दिसू लागतात. शाळेत जाताना आम्ही पोरं एकेका पानाला बोट लावत जायचो. पान मिटलं की हसायचं आणि पुढच्या पानाकडे वळायचं. मिटलेलं पान पुन्हा उघडतं कधी, हे बघायला आमच्यातलं कोणी थांबल्याचं मला आठवत नाही. ते बघायला मला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी इंग्लंडला जावं लागलं. आणि ते दाखवलं एका रुमानियन कुत्रीनं.

माझी मुलगी आणि जावई लेस्टर शहरात राहतात. गेल्या उन्हाळ्यात वाचनालयातली साठवलेली रजा घेऊन मी आणि बायको तीन महिने त्यांच्याकडे गेलो होतो. विमानतळावरून घरी जाताना मुलगी म्हणाली, "अब्बा, घरात एक पाहुणी आहे. तिच्याकडे बघायचं नाही, हात लावायचा नाही, हाक मारायची नाही." मला वाटलं, कोणी आजारी बाई असेल. घरी गेलो तर सोफ्याच्या मागच्या फटीत मातकट रंगाचं काहीतरी मुटकुळं करून बसलं होतं. दोन डोळे तेवढे दिसत होते.

बायकोनं आधी कुत्रीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला काय म्हणायचं आहे ते मला कळलं. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. कुत्र्याची लाळ आमच्याकडे नापाक. भांड्याला लागली तर सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीनं. मालिकी पंथात कुत्र्याला नापाक मानत नाहीत, पण तो पंथ आफ्रिकेकडचा. आमच्या गावच्या घरी कुत्रा होता, पण त्याची हद्द अंगणापर्यंत. उंबरठा त्यानं कधी ओलांडला नाही.

मुलीनं सगळा विचार करून ठेवला होता. वरच्या मजल्यावरची खोली नमाजाची. तिथले कपडे वेगळे. कुत्रीनं जिना चढायचा नाही. हा शेवटचा नियम कुत्रीनंच घालून घेतला होता. जन्मात जिना पाहिलेला नसल्यामुळे ती पहिल्या पायरीपासूनही चार हात लांब राहायची.

आश्रयगृहात तिचं नाव होतं 'मिया'. आमच्या घरात 'मिया' अशी हाक आली की ओ मीच द्यायचा! तेव्हा मुलीनं तिचं नाव बदलून ठेवलं, जाई.

ही जाई लेस्टरला आली कशी, तेही सांगण्यासारखं आहे. चाउशेस्कूच्या राजवटीत, विशेषतः १९८० च्या दशकात, बुखारेस्टमधल्या जुन्या वस्त्या पाडून लोकांना उंच इमारतींत हलवण्यात आलं. अंगणं गेली, अंगणातली कुत्री रस्त्यावर आली. त्यांची संख्या वाढत गेली. सप्टेंबर २०१३ मध्ये बुखारेस्टमध्ये कुत्र्यांच्या हल्ल्यात चार वर्षांच्या एका मुलाचा जीव गेला. लोक संतापले. त्याच महिन्यात कायदा झाला, की पकडलेलं कुत्रं कामकाजाच्या चौदा दिवसांत कोणी नेलं नाही तर त्याला मारता येईल. तेव्हापासून तिथली प्राणिप्रेमी माणसं कुत्र्यांना बाहेरच्या देशांत घरं शोधून देतात. ब्रिटनमध्ये अशी पुष्कळ कुत्री आली आहेत.

फोटो बघायचा, अर्ज करायचा, संस्थेचा माणूस घर आणि कुंपण बघून जातो. कुत्र्याच्या कातडीखाली चिप बसवतात. रेबीजची लस दिल्यावर किमान एकवीस दिवस थांबावं लागतं. ब्रिटनमध्ये शिरण्याआधी एक ते पाच दिवसांच्या आत टेपवर्मचं औषध द्यावं लागतं. ब्रुसेला कॅनिस नावाच्या रोगासाठी रक्त तपासून घेणंही शहाणपणाचं, कारण तो कुत्र्याच्या अंगातून पुरता जात नाही आणि माणसालाही होऊ शकतो. मग व्हॅनमध्ये पिंजऱ्यात बसून अर्धा युरोप ओलांडायचा. जाई तीन दिवस प्रवास करून आली होती. आमच्या आधी दहाच दिवस.

मी मुलीला विचारलं, "बाय, चिपळूणच्या एसटी स्टँडवर कुत्री कमी होती का? आणि तुमच्या लेस्टरला?"

ती म्हणाली, "इथल्या आश्रयगृहातही गेलो होतो. आम्ही दोघं नोकरी करणारे, त्यांनी नाही म्हटलं. मग हिचा फोटो बघितला."

मला ते पुरतं पटलं नाही. एका कुत्रीला आणायला जेवढा पैसा लागला, तेवढ्यात तिकडच्या कितीतरी कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण झालं असतं. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न तिथल्या तिथेच सुटायचा असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीतल्या कुत्र्यांवरून आपल्या सर्वोच्च न्यायालयात काय झालं, ते आपण वाचलंच आहे. आधी सगळ्यांना उचलून निवाऱ्यांत ठेवा असा आदेश झाला. दोन आठवड्यांच्या आत तो बदलून, पिसाळलेली आणि हल्लेखोर वगळता बाकीची नसबंदी करून, लस देऊन जागच्या जागी सोडा, असं न्यायालयानं सांगितलं. मी हे सगळं मुलीला सांगत होतो. ती म्हणाली, "अब्बा, तुमचं बरोबर आहे. पण ही आता आली आहे ना!" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सोफ्यामागचे दोन डोळे आमच्याकडे बघत होते.

संस्थेच्या जाहिरातीत तिच्याविषयी दोन शब्द होते, सौम्य आणि लाजाळू. लाजाळू हा शब्द ऐकायला गोड आहे. पण ती लाजत नव्हती, घाबरत होती. कपडे धुण्याचं यंत्र सुरू झालं की थरथरायची. मी खोकलो तरी अंग चोरायची. मुलीनं मला तिची भाषा शिकवली. तिनं जांभई दिली म्हणजे झोप आली असं नाही, ओठ चाटले म्हणजे भूक लागली असं नाही. दोन्हींचा अर्थ 'मला भीती वाटते' असाही असतो. तिच्या डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत. समोरून जायचं नाही, वाकायचं नाही, डोक्यावर हात न्यायचा नाही. खाऊ टाकायचा आणि निघून जायचं. तिथले जाणकार म्हणतात, अशा कुत्र्याला पहिले तीन दिवस धक्क्यातून सावरायला लागतात, तीन आठवडे घराची रीत कळायला आणि तीन महिने घर आपलं वाटायला. अर्थात, हा ढोबळ हिशेब. एखाद्याला वर्षही लागतं.

मी रोज दुपारी सोफ्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचो आणि हळू आवाजात मराठी वर्तमानपत्र वाचायचो. इंग्रजी तिलाही येत नव्हतं आणि माझंही बेताचंच. पाचव्या आठवड्यात ती सोफ्याच्या बाहेर येऊन बसली. सातव्या आठवड्यात बायको चपात्या लाटत असताना स्वयंपाकघराच्या दारात आली आणि पुढचे पाय पसरून उंबरठ्यावर बसली. बायको काही बोलली नाही. रात्री मला म्हणाली, "अहो, असहाब-ए-कहफचा कुत्रा असाच बसला होता ना, गुहेच्या दाराशी?" कुराणात ती गोष्ट आहे. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून चपातीचा पहिला तुकडा उंबरठ्यावर पडू लागला.

आणि दहाव्या आठवड्यात मी ती घालवली.

घरात एक नियम होता. बाहेरचं दार उघडण्याआधी आतलं दार बंद करायचं. दोन्ही दारं एकाच वेळी कधी उघडी ठेवायची नाहीत. त्या दिवशी घंटा वाजली, पार्सल आलं होतं. मी आतलं दार न लावताच बाहेरचं उघडलं. माझ्या पायांजवळून काहीतरी सणसणत गेलं. मी चपला घालून मागे धावलो. "जाई! जाई!" भर रस्त्यात मोठमोठ्यानं ओरडत होतो. जेवढा मी ओरडत होतो, तेवढी ती जोरात पळत होती. कोपऱ्यावर एका गाडीनं करकचून ब्रेक लावला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी होती, जाई नव्हती.

मुलगी कामावरून धावत आली. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "अब्बा, आता कोणीही तिला हाक मारायची नाही." तिनं पत्रकं छापली: ही कुत्री दिसल्यास पकडू नका, पाठलाग करू नका, हाक मारू नका, फक्त फोन करा. दुसऱ्या दिवशी सोअर नदीकाठच्या झाडीत ती दिसल्याचा फोन आला. तिथं जाऊन धावाधाव करायची मला फार इच्छा होती. पण आम्ही गेलो नाही. घराच्या मागचं फाटक उघडं ठेवलं, त्याला दोरी बांधली आणि दोरीचं टोक स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत घेतलं. परसात काय ठेवावं? बायकोनं चिपळूणहून आणलेलं सुकट काढलं. दोनदा धुऊन, खारटपणा घालवून भातात कालवलं. वास सगळ्या गल्लीभर सुटला. शेजाऱ्यांनी आम्हाला माफ केलं असावं.

दोन रात्री मी अंधारात दोरी धरून बसलो. त्या वेळी मला आमच्या वाचनालयात येणारा एक मुलगा आठवला. कपाटांच्या मागे उभा राहून वाचायचा. कविता करतो असं कळल्यावर मला आनंद झाला. एका संध्याकाळी भरल्या सभेत मी त्याचा हात धरून त्याला व्यासपीठावर नेलं. तो उभा राहिला, एकही शब्द बोलला नाही, खाली उतरला. त्यानंतर वाचनालयात आला नाही. मी त्याचं भलंच करत होतो, असं मला वीस वर्षं वाटत होतं. त्या रात्री वाटेनासं झालं.

तिसऱ्या पहाटे, फजरच्या सुमाराला, फाटकात सावली हलली. जाई आत आली, दोन पावलं मागे गेली, पुन्हा आली. मी श्वास रोखला. तिचं तोंड भाताला लागल्यावर दोरी ओढली. फाटक लागलं. ती दचकून कोपऱ्यात जाऊन बसली. मी बाहेर गेलो आणि तिच्याकडे पाठ करून गवतावर बसलो. बोललो नाही, वळलो नाही. उजाडलं. कपडे दवानं ओले झाले. कितीतरी वेळानं माझ्या मनगटाला मागून काहीतरी थंड, ओलं लागलं.

बायको दारात उभी होती. मला वाटलं, आता सात वेळा धुण्याचं सांगेल. ती म्हणाली, "बसा तसेच. हात काय, मागाहून धुता येईल."

आता आम्ही चिपळूणला परत आलो आहोत. जाई अजून पाहुण्यांना बिचकते, जिना मात्र तीन पायऱ्या चढते. चौथी पायरी चढू देऊ नकोस, असं तिची आजी फोनवर बजावते. आजी हा शब्द तिचाच, माझा नाही.

परवा पाऊस पडला. वाचनालयाच्या वाटेवर लाजाळू उगवली आहे. मी एका पानाला बोट लावलं आणि या वेळी थांबलो. पान उघडायला फार वेळ लागत नाही. बोट तेवढं मागे घ्यावं लागतं.

त्या मुलाचा पत्ता मी शोधतो आहे. पण सापडला तरी घरी जाणार नाही. एक पत्र टाकेन. उत्तर द्यायचं की नाही, ते तो ठरवील.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)