मैदानावरचा वाटा

(हीरक महोत्सवी वर्षातील क्रीडासप्ताहाच्या उद्घाटनप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



वडोदऱ्यासारख्या गुजराती भाषक नगरीत मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे चालविणे ही साधी गोष्ट नाही. त्या वाटचालीचा गौरवपूर्ण आढावा अध्यक्षमहोदयांनी नुकताच घेतला. मला मात्र आज एका उणिवेविषयी बोलायचे आहे, आणि ती उणीव सर्वप्रथम माझी स्वतःची आहे.

मी या शाळेत साहाय्यक शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा माझ्या वर्गात सेरेब्रल पाल्सी असलेली एक मुलगी होती. बुद्धीने तल्लख, मराठीच्या निबंधात नेहमी पहिली. पण चालताना तिचे दोन्ही गुडघे एकमेकांवर घासत आणि टाचा जमिनीला टेकत नसत. तिच्याविषयीच्या मायेपोटीच मी तिला खेळाच्या तासातून कायमची सूट दिली. तिला सावलीत खुर्ची दिली आणि सर्वांच्या पिशव्या सांभाळण्याचे काम दिले. आपण फार समजूतदारपणे वागलो, असे मला अनेक वर्षे वाटत होते. पुढे ती शिकली, नोकरीला लागली आणि एकदा भेटायला आली. बोलता बोलता हसत म्हणाली, “बाई, खेळाचा तास मला सर्वांत लांब वाटायचा. त्या चार वर्षांत मी पिशव्या किती वेळा मोजल्या असतील, देव जाणे!” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते मला अधिक लागले.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात सांगते. जन्मापूर्वी, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतर लवकरच, वाढत्या मेंदूच्या हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागाला इजा पोहोचते. लंडनचे शल्यविशारद विल्यम लिटल यांनी एकोणिसाव्या शतकात या अवस्थेचे सविस्तर वर्णन केले, म्हणून तिला दीर्घकाळ ‘लिटल यांचा आजार’ म्हणत. काही मुलांचे स्नायू ताठर असतात, काहींच्या हातापायांच्या हालचाली त्यांच्या इच्छेविरुद्ध होतात, तर काहींचा तोल सावरत नाही. हा संसर्ग नाही. मेंदूला झालेली इजा वाढत जात नाही. शरीर मात्र वाढत असते. हाडे लांबतात, ताठर स्नायू त्या गतीने लांबत नाहीत, सांधे आखडू लागतात. लहानपणी चालणारे मूल किशोरवयात चालेनासे होते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

म्हणजे ज्या मुलांना हालचालीची गरज सर्वाधिक, त्यांनाच आपण खुर्चीवर बसवतो. यात केवळ शिक्षकांचा दोष नाही. जोराच्या व्यायामाने स्नायूंचा ताठरपणा वाढतो, अशी समजूत एके काळी उपचार करणाऱ्यांमध्येही होती. पुढील संशोधनाने ती खोटी ठरविली. स्नायू बळकट करणारा योग्य व्यायाम ताठरपणा वाढवीत नाही. कॅनडातील पीटर रोझेनबॉम आणि यान विलेम गॉर्टर या दोन तज्ज्ञांनी २०१२ साली अशा मुलांच्या बाबतीत सहा गोष्टींचा विचार करावा असे सुचविले: कार्य, कुटुंब, तंदुरुस्ती, मौज, मित्र आणि भविष्य. औषधोपचाराच्या कागदावर ‘मौज’ आणि ‘मित्र’ हे शब्द क्वचितच दिसतात. शाळेच्या मैदानावर ते आपोआप भेटतात.

काही वर्षांपूर्वी पाचवीत असाच एक मुलगा दाखल झाला. वॉकरच्या आधाराने तो वर्गापासून फाटकापर्यंत जाई आणि तेवढ्यानेच थकून जाई. या वेळी मी सूट देण्याची घाई केली नाही. त्याच्या फिजिओथेरपिस्ट बाईंना शाळेत बोलावले, मैदान दाखविले आणि विचारले, “हा इथे काय करू शकेल?” त्या म्हणाल्या, “सायकल चालवू शकेल. फक्त सायकल त्याच्यासारखी हवी.”

दोन चाकांवर तोल सांभाळणे त्याला अशक्य होते, म्हणून तीनचाकी हवी. पाय पायडलवरून घसरू नयेत म्हणून पायडलला रुंद पट्ट्या आणि टाचेमागे आधार हवा. पाठीला टेकू, कमरेला पट्टा, आणि मागे साहाय्यकाला धरण्यासाठी दांडा हवा. पायडल चाकाशी कायमचे जोडलेले असेल, तर चाक फिरताना पायही फिरत राहतात आणि जिथे जोर अपुरा पडतो तो टप्पा पार होतो. पण त्याच कारणाने ब्रेक चांगला हवा आणि साहाय्यकाचे लक्षही हवे. आपल्या शाळेसमोरच्या सायकल दुरुस्ती करणाऱ्या काकांनी आणि एका वेल्डरने मिळून जुन्या तीनचाकीवर हे सारे काम केले. टाचेचा आधार जुन्या सँडलचा होता.

पहिल्या दिवशी त्याने मैदानाची अर्धी फेरी मारली. त्याचा चेहरा लाल झाला, श्वास फुलला. त्याची आई घाबरून धावत आली. तो तिला म्हणाला, “आई, बघ ना, मला घाम आलाय!” खेळून घाम येणे हा त्याच्या आयुष्यातील पहिलाच अनुभव होता.

सर्व काही सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. तिसऱ्या आठवड्यात वळणावर सायकल कलंडली आणि त्याचा कोपर खरचटला. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सायकल कुलूपबंद करण्याचा निर्णय मनाशी करूनच मी शाळेत आले. दारात त्याची आजी उभी होती. मी क्षमा मागू लागले, तर त्या म्हणाल्या, “पडला तर काय झालं, बाई? बाकीची पोरं पडत नाहीत होय? सायकल तेवढी नीट करा.” आम्ही मागचा आस रुंद केला, बैठक खाली घेतली आणि वळणावर वेग कमी करण्याचा नियम केला. हेल्मेट पहिल्या दिवसापासून होतेच. उन्हामुळे सरावाची वेळ सकाळची ठरविली. ज्यांच्या खुब्याच्या सांध्यात दोष असतो किंवा ज्यांना झटके येतात, त्यांच्यासाठी आधी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक असते, हेही आम्ही शिकलो.

तो मुलगा चमत्कार होऊन धावू लागला, अशी कथा मला सांगायची नाही. तो आजही वॉकर वापरतो. पण वर्षअखेरीस तो मैदानाच्या तीन फेऱ्या न थांबता मारू लागला आणि मधल्या सुट्टीत त्याच्या सायकलीमागे दांडा धरण्यासाठी मुलांची रांग लागू लागली. पूर्वी त्याला कोणी ‘मदत’ करीत असे. आता त्याच्याशी शर्यत लावू लागले. हा फरक मला फार मोठा वाटतो.

सायकलीप्रमाणेच धावण्याचीही सोय आहे. डेन्मार्कमधील चाकखुर्चीच्या शर्यतीतील विख्यात खेळाडू कॉनी हॅन्सन आणि स्वतः सेरेब्रल पाल्सी असलेले मन्सूर सिद्दिकी यांनी १९९१ साली एक तीनचाकी चौकट तयार केली. तिला पायडल नसते. धावणारा खोगिरासारख्या बैठकीवर बसतो, छाती समोरच्या आधारावर टेकवतो, हातांनी दांडा धरतो आणि पायांनी जमीन रेटत धावतो. ज्याला आधाराशिवाय उभेही राहता येत नाही, तो या चौकटीत खरोखर धावतो. दोन्ही पाय क्षणभर जमिनीपासून सुटतात. आज या खेळाला ‘फ्रेम रनिंग’ म्हणतात आणि २०१८ पासून जागतिक पॅरा अॅथलेटिक्सने तो आपल्या क्रीडाप्रकारांत समाविष्ट केला आहे.

आपल्या देशातही या दिशेने पाऊल पडलेले आहे. डॉ. मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली आणि अशा मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न देशापुढे आणला. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये उत्तर प्रदेशातील शेतकरी कुटुंबातील प्रीती पाल यांनी टी ३५ गटात १०० आणि २०० मीटर या दोन्ही शर्यतींत कांस्यपदके जिंकली. स्नायूंचा ताठरपणा किंवा हालचालींतील असमन्वय असलेल्या धावपटूंचा हा गट आहे. त्या लहान असताना एखाद्या शिक्षिकेने त्यांना कायमचे पिशव्या सांभाळायला बसविले असते तर, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

कायद्यानेही आता संदिग्धता ठेवलेली नाही. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ यातील कलम १६ नुसार शिक्षणसंस्थांनी दिव्यांग मुलांना शिक्षणाबरोबरच क्रीडा आणि मनोरंजनाची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावयाची आहे. पण वडोदऱ्याला यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते. याच संस्थानात महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. याच शहरात प्रो. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराने पिढ्यान् पिढ्या तरुणांची शरीरे घडविली. शिक्षण सर्वांसाठी आणि व्यायाम प्रत्येकासाठी, हे दोन्ही संस्कार आपल्याला या मातीतच मिळालेले आहेत. ते एकत्र आणून आपल्या मैदानावर उतरविणे एवढेच आपले काम आहे.

म्हणून या व्यासपीठावरून मी तीन गोष्टी मांडते. पहिली, यापुढे आपल्या शाळेत कोणालाही खेळाच्या तासातून नुसती सूट मिळणार नाही. अर्ज आला, तर त्याला शक्य होईल असा दुसरा व्यायाम त्याच अर्जावर लिहिला जाईल. ही जबाबदारी मी स्वतः घेते. दुसरी, वर्गापासून मैदानापर्यंतच्या चार पायऱ्यांशेजारी उतार बांधावा. तिसरी विनंती कार्यकारी मंडळाला आहे, आणि ती मी संकोचाने, पण निश्चयाने करते. हीरक महोत्सवी निधीतून प्रवेशद्वारावर भव्य कमान उभारण्याचे ठरले आहे. ती कमान थोडी साधी करावी आणि वाचलेल्या रकमेतून दोन सायकली आणि धावण्याची एक चौकट घ्यावी. कमानीवर शाळेचे नाव कोरले जाईल, हे खरे. पण एखादे मूल आयुष्यात पहिल्यांदा धावेल, तेव्हा तेही शाळेचे नाव सांगेलच.

थोड्याच वेळात या मैदानावर १०० मीटरची पहिली शर्यत होईल. या वर्षी तिच्यात एक मार्गिका रुंद आखली आहे, हे आपल्या ध्यानात आले असेल. तीनचाकी सायकलीला तेवढी जागा लागते. तो विद्यार्थी आता आठवीत आहे. तो बहुधा शेवटचा येईल. त्याला ते ठाऊक आहे. तरीही त्याने काल मला बजावले आहे, “बाई, मी पोहोचल्याशिवाय दोरी सोडायची नाही!”

ती दोरी आज माझ्या हातात असेल आणि तो येईपर्यंत मी ती धरून ठेवीन. पिशव्या मोजणारी माझी ती विद्यार्थिनीही आज पाहुणी म्हणून समोर बसली आहे. दोरीचे दुसरे टोक तिने धरावे, अशी मी तिला सर्वांसमक्ष विनंती करते आणि क्रीडासप्ताहाचे उद्घाटन झाल्याचे जाहीर करते.