कायम न झालेले न्यायमूर्ती

(हिवाळी व्याख्यानमालेत सोलापूर येथे दिलेले व्याख्यान, नोव्हेंबर २०२५)



पत्रिकेत आजचा विषय वाचून एका वकील मित्राचा मला फोन आला. म्हणाला, “सोलापुरात थंडी असते पंधरा दिवसांची. त्यातली एक संध्याकाळ तू लोकांना न्यायाधीशांच्या नेमणुका ऐकवण्यात घालवणार?” मी म्हटलं, हो, घालवणार. कारण या विषयाची एक नाळ थेट आपल्या गावात पुरलेली आहे आणि गावालाच तिची आठवण फारशी राहिलेली नाही.

गेल्या आठवड्यात कोर्टाच्या आवारात चहा घेत उभा होतो. शेजारी अक्कलकोटकडचे एक पक्षकार, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. जमिनीचा दावा, बारा वर्षं चाललेला. मी त्यांना उगाच विचारलं, “हायकोर्टात नवे न्यायाधीश नेमले, त्यावरून वाद झाला, वाचलंत का?” ते म्हणाले, “आमाला काय त्याचं ओ. साहेब बदलला की आमची तारीख पुढं जातीय, एवढंच म्हाईत.” आता मी जे तासभर बोलणार आहे त्याचं निम्मं सार त्या माणसानं एका घोटात सांगून टाकलं होतं. उरलेल्या निम्म्यासाठी मी इथे उभा आहे.

‘कायम’ हा शब्द घ्या. गिरणीत, शाळेत, नगरपालिकेत आपण तो रोज वापरतो. अमका बदली कामगार होता, कायम झाला. हायकोर्टातही हाच शब्द चालतो. राज्यघटनेच्या २२४ व्या कलमाखाली फार तर दोन वर्षांसाठी अतिरिक्त न्यायाधीश नेमता येतो. पुढे त्याला कायम करायचं, मुदतवाढ द्यायची, की घरी पाठवायचं, हे नंतर ठरतं. म्हणजे दोन वर्षं त्या माणसाच्या डोक्यावर एक प्रश्न टांगलेला असतो आणि त्याच दोन वर्षांत त्याला सरकारविरुद्धचे खटलेही ऐकायचे असतात.

आपल्या सोलापूरच्या लळीत घराण्यात रंगनाथ लळीत हे नामवंत वकील होऊन गेले. त्यांचे चिरंजीव उमेश लळीत मुंबई उच्च न्यायालयात अतिरिक्त न्यायाधीश झाले आणि नागपूर खंडपीठावर बसले. ऐन त्याच वेळी आणीबाणी आली. राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडलेल्या तरुणांचे जामीनअर्ज त्यांच्यापुढे आले. त्यांनी जामीन दिले. मुदत संपली, आणि उमेश लळीत कायम झाले नाहीत. आरोप नाही, चौकशी नाही, खुलासा नाही. नोकरीतून काढलं असंही म्हणायची सोय नाही, कारण काढलेलं नसतंच. पुढची ऑर्डर आली नाही, इतकंच. अन्याय करायची इतकी स्वच्छ पद्धत दुसऱ्या कुठल्या खात्यात मी पाहिलेली नाही.

आता प्रश्न असा, की याचा पुढच्या निवडणुकीवर काय परिणाम झाला? लळीतांसाठी सोलापुरात मोर्चा निघाला का? वृत्तपत्रांवर तेव्हा सेन्सॉर होता. न आलेल्या ऑर्डरची बातमी तरी कोण छापणार? मार्च १९७७ मध्ये मतदान झालं. उत्तरेत काँग्रेस भुईसपाट झाली, देशभरात १५४ जागांवर आली. आणि सोलापूरनं? सोलापूरनं काँग्रेसचे सूरजरतन दमाणी पुन्हा निवडून दिले. पंढरपूरनं काँग्रेसचे संदिपान थोरात दिले. ज्या गावातला न्यायाधीश आणीबाणीनं घरी पाठवला, त्या गावानं आणीबाणी आणणाऱ्या पक्षालाच मत दिलं. यात कुणाला लाज वाटायचं कारण नाही. माझ्या मते, बहात्तरच्या दुष्काळात हाताला काम कुणी दिलं, रेशनवर काय मिळालं, गिरणीचा भोंगा वाजतो की नाही, या हिशेबापुढे नागपूरचा एक जामीनअर्ज फार लांबचा होता.

पण थांबा. त्याच निवडणुकीत मुंबईत वेगळं घडलं, आणि ते समजायला चार वर्षं मागे जावं लागेल.

२४ एप्रिल १९७३. केशवानंद भारती खटल्याचा निकाल, सात विरुद्ध सहा. संसदेला घटना बदलता येईल, पण तिचा मूळ गाभा मोडता येणार नाही. सरकारला हे झोंबलं. दुसऱ्याच दिवशी जाहीर झालं, की नवे सरन्यायाधीश अजितनाथ राय. ज्येष्ठतेनं त्यांच्या पुढे तिघे होते: शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर. तिघांना ओलांडलं, तिघांनी राजीनामे दिले. लोकसभेत मंत्री मोहन कुमारमंगलम यांनी उघड समर्थन केलं, की न्यायाधीशाचं सामाजिक तत्त्वज्ञान सरकार बघणारच. या प्रामाणिकपणाबद्दल मला त्यांचं कौतुक वाटतं. पुढच्या कुठल्या सरकारनं एवढं खरं बोलून दाखवलं नाही. केलं मात्र तेच.

तेव्हा कायदामंत्री होते हरी रामचंद्र गोखले. आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश. पद सोडून वकिलीत परतले, तिथून राजकारणात आले. कोर्ट आतून पाहिलेला हा मराठी माणूस. आणीबाणीतले कायदे, घटनादुरुस्त्या, न्यायाधीशांच्या बदल्या, सगळ्याच्या वेळी कायदा खातं यांच्याकडे. जानेवारी १९७७ मध्ये आणखी एक प्रकार झाला. १८ जानेवारीला निवडणुका जाहीर झाल्या आणि दहा दिवसांत न्या. हंसराज खन्ना यांना डावलून मिर्झा हमीदुल्ला बेग यांना सरन्यायाधीश केलं. खन्नांचा गुन्हा काय, तर नऊ महिन्यांपूर्वी, २८ एप्रिल १९७६ ला, हेबिअस कॉर्पसच्या खटल्यात चौघांच्या विरुद्ध एकट्यानं सांगितलं होतं, की आणीबाणीतही माणसाचा जीव आणि स्वातंत्र्य सरकारच्या मर्जीवर सोडता येत नाही. खन्नांनी राजीनामा दिला. निवडणूक तोंडावर असताना सरकारनं हे केलं याचा अर्थ असा, की याची मतं जात नाहीत, अशी सरकारची खात्री होती.

ती खात्री सोलापुरात खरी ठरली. मुंबई वायव्य मतदारसंघात ठरली नाही. तिथे गोखल्यांसमोर राम जेठमलानी उभे होते. बार कौन्सिलचे अध्यक्ष असताना त्यांच्यावर अटक वॉरंट निघालं होतं, त्याला स्थगिती मिळवायला नानी पालखीवालांसह तीनशेहून अधिक वकील हायकोर्टात उभे राहिले होते, आणि शेवटी जेठमलानींना देश सोडावा लागला होता. एका बाजूला न्यायाधीशांना वाकवणारं खातं सांभाळणारा माजी न्यायाधीश, दुसऱ्या बाजूला परागंदा झालेला वकील. न्यायालयाच्या प्रश्नाला इथे दोन चेहरे मिळाले, दोन नावं मिळाली, मतपत्रिकेवर दोन चिन्हं मिळाली. गोखले पडले. अर्थात मुंबईच्या सहाही जागा तेव्हा विरोधकांनी घेतल्या, त्यामुळे सगळं श्रेय न्यायालयाच्या खात्यावर जमा करायला मी तयार नाही. पण हा प्रश्न मतपेटीपर्यंत पोचतो तेव्हा तो माणसाच्या रूपानं पोचतो, हे मात्र तिथे दिसलं. बंगळूरमध्येही तेच. डावलले गेलेले हेगडे जनता पक्षातर्फे निवडून आले आणि त्याच वर्षी लोकसभेचे अध्यक्ष झाले.

हेगड्यांविषयी एक गंमत सांगतो, पुढे लागणार आहे. न्यायाधीश होण्यापूर्वी ते काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते.

मुंबईची तरी ही जागरूकता किती टिकली? फेब्रुवारी १९७८ मध्ये बेग निवृत्त झाले. ज्येष्ठतेनं पाळी आली आपल्या पुणे जिल्ह्यातल्या यशवंतराव चंद्रचूडांची. हेबिअस कॉर्पसच्या निकालात सरकारच्या बाजूनं कौल देणाऱ्या चौघांत तेही होते. मुंबईतल्या काही नामवंत वकिलांनी आणि नागरिकांनी निवेदन काढलं, की यांना सरन्यायाधीश करू नका. जनता सरकारचे कायदामंत्री शांतिभूषण म्हणाले, ज्येष्ठता मोडण्याचं पाप आम्हीही करायचं का? २२ फेब्रुवारीला चंद्रचूडांनी शपथ घेतली आणि तीनच दिवसांनी, २५ फेब्रुवारीला, महाराष्ट्र विधानसभेचं मतदान झालं. एक मराठी माणूस देशाचा सरन्यायाधीश होतो, तोही वादात, आणि तोही मतदानाच्या तोंडावर! तरी त्या प्रचारात मुद्दे कुठले, तर दोन काँग्रेस, जनता पक्ष, साखर कारखाने आणि जात. जेठमलानींना निवडून देणाऱ्या मुंबईतसुद्धा चंद्रचूडांवरून कुणी जिंकला वा हरला असं मला आढळलं नाही.

अमेरिकेचा दाखला इथे नेहमी दिला जातो. तिथे न्यायाधीशाला सेनेटपुढे बसावं लागतं, टीव्हीवर उलटतपासणी होते, मग नाव पुकारून मतं घेतात. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलेल्या कॅव्हनॉ यांच्यावर गंभीर आरोप झाले, तरी ५० विरुद्ध ४८ मतांनी ते मंजूर झाले, आणि महिन्यावर निवडणुका होत्या. विरोधात मत देणारे नॉर्थ डकोटा, मिसुरी आणि इंडियानाचे डेमोक्रॅट सेनेटर पडले. बाजूनं मत देणारे वेस्ट व्हर्जिनियाचे जो मँचिन तगले. पण त्याच दिवशी खालचं सभागृह डेमोक्रॅटांनी जिंकलं. म्हणजे एकाच वादानं दोन्हीकडची माणसं घराबाहेर काढली असं म्हणायला जागा आहे. खरा दणका चार वर्षांनी बसला. नव्या न्यायाधीशांमुळे झालेल्या बहुमतानं जून २०२२ मध्ये गर्भपाताचा हक्क काढून घेतला आणि ऑगस्टमध्ये कॅन्ससासारख्या रिपब्लिकन राज्यातल्या मतदारांनी तो हक्क राखण्याच्या बाजूनं भरभक्कम कौल दिला. नेमणुकीचं मत निकालाच्या दिवशी पडतं, ते असं.

आपल्याकडे तशी सुनावणी नाही आणि मतदानही नाही. १९९३ नंतर नेमणुका न्यायाधीशांच्याच कॉलेजियमकडे गेल्या. संसदेनं आणलेला न्यायिक नियुक्ती आयोग २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. सरकार फाईल अडवून ठेवतं, कॉलेजियम दार लावून बसतं. गोखल्यांना पाडता आलं, कारण गोखले मतपत्रिकेवर होते. आज एखादी नेमणूक खटकली तर पाडायचं कुणाला?

२०२५ चं उदाहरण घ्या. आरती साठे यांचं नाव जुलैअखेर कॉलेजियमनं मुंबई उच्च न्यायालयासाठी सुचवलं. त्या भाजपच्या प्रवक्त्या राहिल्या होत्या. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी ते पद सोडलं होतं. विरोधी पक्षातल्या रोहित पवारांनी जाहीर आक्षेप घेतला, भाजपनं खुलासा केला, ऑगस्टमध्ये नेमणूक झाली. दोन आठवडे वाहिन्यांवर खडाजंगी. माझं मत विचाराल तर आक्षेप गैर नव्हता, पण अर्धवट होता. पक्षाचा माणूस न्यायाधीश झाला की पक्षाचाच राहतो, हे गृहीतक हेगड्यांनी मोडलं आहे. काँग्रेसच्या या माजी खासदाराला काँग्रेसच्याच सरकारनं डावललं. उलट बहरुल इस्लाम काँग्रेसच्या राज्यसभेतून न्यायालयात गेले आणि सर्वोच्च न्यायालयातून परत काँग्रेसच्या राज्यसभेत आले. तेव्हा भूतकाळ विचारावा, पण मोजावं ते निकालांवरून. आणि नेमणारे कारण सांगत नसतील तर संशय घेणाऱ्याला दोष देता येत नाही.

या वादानं स्थानिक निवडणुकांत मतं हलतील का? बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, सांगोल्यातलं नगरपरिषदांचं मतदान घ्या. तिथल्या एकाही प्रभागात हलणार नाहीत, हे मी लिहून देतो.

पण उलटा प्रवास बघा. सोलापूर महापालिकेची निवडणूक झाली फेब्रुवारी २०१७ मध्ये. मार्च २०२२ मध्ये तिथे प्रशासक आला. १०२ नगरसेवकांचं सभागृह साडेतीन वर्षांहून जास्त काळ रिकामं राहिलं. का? मार्च २०२१ मध्ये विकास गवळी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी चाचणी घातली, मग आयोग, अहवाल, याचिका, तारखा. शेवटी ६ मे २०२५ रोजी न्या. सूर्यकांत यांच्या खंडपीठानं सांगितलं, चार महिन्यांत निवडणुका घ्या. तेही जमलं नाही, तेव्हा ३१ जानेवारी २०२६ ची शेवटची मुदत पडली. म्हणजे न्यायाधीश कोण, याचा सोलापूरकरांच्या मतावर परिणाम होत नसेलही. पण सोलापूरकरांनी मत द्यायचं कधी, हे खंडपीठावर कोण बसलंय आणि तारीख कधी लावतंय यावर ठरलं. चहाच्या टपरीवरच्या त्या अक्कलकोटच्या माणसाचा दावा आणि आपल्या शहराची निवडणूक एकाच रांगेत उभी होती.

उमेश लळीतांची गोष्ट अर्धी राहिली. ते दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात वकिली करू लागले. त्यांचे चिरंजीव उदय लळीत, जन्म सोलापूर, १९५७, हे २७ ऑगस्ट २०२२ रोजी देशाचे सरन्यायाधीश झाले, ७४ दिवसांसाठी. शपथविधीला नव्वदी गाठलेले वडील हजर होते. आपल्याकडे सत्कार झाले, फलक लागले. वडील कायम का झाले नाहीत, हे त्या फलकांवर मला तरी कुठे दिसलं नाही.

आता शेवटचं सांगतो. महापालिकेचे उमेदवार तुमच्या दारात येतील. त्यांना कॉलेजियम विचारू नका. नळाला रोज पाणी का येत नाही ते विचारा, तेच त्यांचं काम आहे. पण बार्शी तालुका वगळता जिल्ह्याला दोन खासदार आहेत, प्रणिती शिंदे आणि धैर्यशील मोहिते-पाटील. दोघंही विरोधी बाकांवर आहेत, तेव्हा त्यांना विचारायची अडचण पडणार नाही. त्यांना एक पत्र लिहा. न्यायाधीश नेमताना, आणि अतिरिक्त न्यायाधीशाला कायम न करताना, कारण लेखी जाहीर झालं पाहिजे, असं खाजगी विधेयक तुम्ही आणणार का, एवढाच प्रश्न विचारा. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांतच मिळतं.