हॉकी संघाची आघाडीची फळी

हॉकीत एका बाजूचे 11 खेळाडू मैदानात असतात आणि त्यांतले साधारण तीन आघाडीला. पण तीन जागांना तीनच चांगले गडी असून भागत नाही. 15-15 मिनिटांची चार सत्रे आणि कितीही वेळा खेळाडू बदलण्याची मुभा, यामुळे आघाडीपटू काही मिनिटे जीव तोडून पळतो, बाकावर दम खातो आणि पुन्हा उतरतो. चौथ्या सत्रातही पहिल्या सत्राचाच वेग हवा असेल, तर सहा-सात जण आळीपाळीने खेळवावे लागतात. फळीचा कस पहिल्या तिघांवर नव्हे, त्यांच्या जागी येणाऱ्यांवर ठरतो. 

हे सहा-सात जण एकाच साच्यातले असून चालत नाही. हॉकीची स्टिक उजव्या हाताचीच असते, डावखुऱ्यासाठी वेगळी नसते. उजव्या कडेने धावणाऱ्याचा चेंडू सहज गोलासमोरच्या वर्तुळात जातो. डाव्या कडेच्या खेळाडूला मात्र चेंडूभोवती वळावे लागते किंवा स्टिक उलटी करून फटका मारावा लागतो. दोन्ही कडांना वेगवेगळ्या तयारीचे खेळाडू हवेत. गोलखांबाशी स्टिक जमिनीलगत टेकवून चेंडूला नुसती दिशा देणारा एक हवा. वर्तुळात बचावपटूच्या पायाला चेंडू लावून पेनल्टी कॉर्नर मिळवणारा दुसरा. आणि चेंडू गमावताच तिरका धावून आतला पास बंद करणारा तर हवाच. गोलांच्या यादीत त्याचे नाव क्वचितच येते, तरी संघ निवडताना त्याचा विचार आधी व्हावा.

खडकीचे आघाडीपटू धनराज पिल्ले 1992 ते 2004 या काळात चार ऑलिंपिक खेळले. असा खेळाडू संघाचे भाग्यच. पण व्यावसायिक संघ तेवढ्यावर उभा राहत नाही. हॉकी इंडिया लीगमध्ये 2013 साली मुंबई मॅजिशियन्सला रिक चार्ल्सवर्थ यांच्यासारखे नामांकित प्रशिक्षक लाभले, तरी पाच संघांत तो शेवटचा राहिला. 2017 साली दबंग मुंबईकडे पुढे जर्मनीचा फ्लोरियन फुक्स आणि अफान युसूफ, तर मागे कॉर्नरसाठी हरमनप्रीत सिंग होता. हा संघ अंतिम फेरीत पोचला. त्या वेळी मैदानी गोलाला दोन गुण होते, त्यामुळे आघाडीपटूंचे मोल वाढलेले. अंतिम सामना मात्र कलिंगा लान्सर्सने 4-1 असा जिंकला: ग्लेन टर्नरचा एक मैदानी गोल आणि मोरित्झ फुर्स्टेचे दोन पेनल्टी कॉर्नर. आघाडी आणि कॉर्नर यांचा मेळ त्या दिवशी कलिंगाला साधला होता.

2017 नंतर बंद पडलेली लीग 2024-25 साली पुन्हा सुरू झाली, तेव्हा पुरुषांच्या प्रत्येक संघाला 24 खेळाडूंसाठी चार कोटी रुपयांची मर्यादा होती. त्यांत 16 भारतीय आणि आठ परदेशी. भारतीयांमध्ये किमान चार ज्युनियर घेणे सक्तीचे होते. दोन बड्या नावांवर थैली रिकामी केली, तर राखीव फळी तोकडीच पडणार. ज्युनियर आघाडीपटूही कागदापुरता घेऊन उपयोग नाही. दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात त्याला नियमाने उतरवले, तरच निर्णायक क्षणी तो बावरत नाही. त्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. त्यामुळे इथल्या तरुण आघाडीपटूला ही संधी परप्रांतीय संघातच शोधावी लागली.