मुलाचे भय आणि औषधाची बाटली



ज्याचे आयुष्य कारखान्याच्या फाटकावर सभा घेण्यात आणि मजुरीच्या वाटाघाटी करण्यात गेले, त्याने मुलांच्या मनाविषयी काय बोलावे, असे आपणांस वाटले असेल. आम्ही वैद्य नाही, डॉक्टर नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे वाचन कामावरून आल्यावर रात्री झाले. परंतु हा प्रश्न आमच्याकडे युनियनच्या कचेरीतच आला. पगाराची चौकशी करायला आलेला कामगार उठता उठता हळू आवाजात विचारतो, "भाऊ, पोरगं रात्री दचकून उठतं, कुणाशी बोलत नाही. अश्वगंधाच्या गोळ्या द्याव्यात म्हणतो. झाडपाल्याचंच आहे, अपाय तर नाही ना?"

त्याचा हा विश्वास आपल्या मातीतला आहे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम डोंगरात महादेव कोळी कुटुंबे हिरडा गोळा करून वाळवतात. सहाणेवर हिरडा, वेखंड, जायफळ उगाळून दिलेली बाळगुटी आपल्यापैकी बहुतेकांच्या पोटात गेली आहे. तेव्हा वनस्पतीला नावे ठेवायला आम्ही उभे राहिलेलो नाही. तथापि सहाणेवरचे दोन वेढे आणि कारखान्यात आटवून काढलेला अर्क यांत फार अंतर आहे. शिवाय जुने ते सारेच निर्धोक, असेही नाही. वेखंडात असेरोन नावाचे द्रव्य असते. त्याच्या धास्तीने अमेरिकेत १९६८ साली वेखंड खाद्यपदार्थांत घालण्यास मनाई झाली.

आता अश्वगंधाविषयी. तिच्या चाचण्या झाल्या आहेत. काहींत काळजी थोडी कमी झाली, झोप सुधारली, असे दिसले. परंतु त्या बहुतेक प्रौढ माणसांवरच्या, थोड्या लोकांच्या आणि काही आठवड्यांच्या आहेत. मुलांविषयीचा पुरावा फारच तोकडा. ब्राह्मीच्या चाचण्या मुख्यतः स्मरणशक्तीसंबंधी. भित्र्या मुलाचे भय तिने जाते, असे त्यांवरून म्हणता येत नाही. उलट अश्वगंधाने गुंगी येऊ शकते, थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो आणि क्वचित यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. डेन्मार्कने २०२३ साली तिच्यावर बंदी घातली. २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत इंटरनेटवरून विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक उत्पादने पाहिली गेली. जवळजवळ पाचव्या हिश्श्यात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. शिसे तर मुलाच्या मेंदूलाच बाधते. म्हणजे मन सुधारावे म्हणून दिलेल्या बाटलीनेच मेंदूला अपाय व्हायचा!

हे सारे आम्ही नंतर वाचले. आधी आम्हीही बाटली आणली होती. काही वर्षांपूर्वी आमची धाकटी मुलगी नऊ वर्षांची असताना रोज सकाळी तिच्या पोटात दुखू लागले. शाळेचे नाव काढले की रडे. रविवारी मात्र पोट ठणठणीत. कोणीतरी सांगितले म्हणून एक सिरप आणले आणि दीड महिना पाजले. पोटदुखी तशीच राहिली. वर्गात डुलक्या मात्र येऊ लागल्या. त्या सिरपाने की रात्रीच्या जागरणाने, ते सांगता येणार नाही.

शेवटी एके संध्याकाळी तिची आई वाटाणे सोलीत बसली असता, तिच्याकडे न पाहता, सहज म्हणाली, "शाळेत जाताना तुला कशाची भीती वाटते गं?" पोर बोलली. शाळेची गाडी पहाटेच्या अंधारात नाक्यावर येई आणि नाक्यापर्यंतची वाट उसाच्या कडेने होती. वर्गातल्या मुलाच्या घरची शेळी बिबट्याने त्याच उसातून नेली होती.

मंडळी, त्या रात्री आम्हांला आमची लाज वाटली. तीस वर्षे आम्ही मालकांना सांगत आलो की, कामगार डोके दुखते म्हणाला तर गोळी देऊन बोळवण करू नका, यंत्राचा आवाज ऐका. आणि आमच्याच घरात एक गाऱ्हाणे दीड महिना पडून होते. आम्ही त्याच्यावर सिरप ओतीत होतो.

मग आम्ही चार पालकांनी पाळ्या लावल्या. हातात विजेरी आणि काठी घेऊन मुलांना नाक्यापर्यंत पोचवू लागलो. शाळा मात्र एकही दिवस चुकू दिली नाही. कारण भीतीपोटी घरी ठेवले की भीती वाढते, थोड्याथोड्या धीराने सामोरे नेले की ओसरते. काही आठवड्यांत पोटदुखी थांबली.

आमच्या मुलांची भीती वेडगळ नाही. जुन्नर वनविभागात बिबट्या उसातच वाढतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला त्याच्या हल्ल्यांत लहान मुले गेली. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगावातले माळीण डोंगराखाली गाडले गेले, सुमारे दीडशे माणसे गेली. पावसाच्या आवाजाने दचकणाऱ्या पोराला आजारी कोण म्हणेल? अशा भीतीला उपाय म्हणजे सोबत, दिवा, दिवसा वीज आणि सुरक्षित वाट. ते बाटलीत मिळत नाही. ते मागून घ्यावे लागते.

परंतु प्रत्येक भीतीचे मूळ बाहेर असते, असे समजू नका. काही मुलांना खरोखरच आजार असतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षांच्या शंभरांत सुमारे सात मुलांना मानसिक आजार आढळला. अशा मुलांना बोलण्याच्या, शिकवण्याच्या उपचारांनी चांगला गुण येतो. गरज पडल्यास डॉक्टर औषधही देतात. कधी मरगळीचे कारण रक्त कमी असणे एवढेच निघते, म्हणून आधी तपासणी करा. मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. सरकारचा १४४१६ हा टेलिमानसचा फोन २०२२ पासून रात्रंदिवस चालू आहे, फुकट आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. मूल जेवेनासे झाले, झोपेनासे झाले किंवा मरणाची भाषा बोलू लागले, तर एक दिवसही थांबू नका.

एवढे करूनही औषधी वनस्पती द्यावीशी वाटली, तर दुकानदाराला किंवा युनियनच्या पुढाऱ्याला विचारू नका. मुलाला नोंदणीकृत वैद्याकडे न्या. दुसरी औषधे चालू असतील तर ती त्यांना सांगा आणि डॉक्टरांपासूनही काही लपवू नका. गुंगी, उलट्या किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर औषध बंद करून दवाखाना गाठा.

कचेरीत आलेल्या त्या कामगाराला आम्ही आता एवढेच म्हणतो, "बाबा, आधी पोराजवळ बस. त्याचं म्हणणं ऐकून घे. मग बाटलीचं बघू." आपणांसही तीच विनंती करून आम्ही रजा घेतो.