कर्जतचा हलकासा धक्का

(मंडळाच्या छंद मेळाव्यात केलेले भाषण)

चिटणिसांनी फोनवर सांगितलं, "तुमच्या त्या झुकझुकगाडीवर पाच मिनिटं बोला, पण फार टेक्निकल नको." आता मी पडलो कॉम्प्युटर इंजिनिअर, तेव्हा दुसऱ्या अटीबद्दल आधीच माफी मागून ठेवतो.

सुरुवात कर्जतपासून. लहानपणी मुंबईहून पुण्याला आजोळी जाताना गाडी कर्जतला थांबायची. सगळे वड्यांसाठी फलाटावर धावायचे आणि मी मात्र खिडकीतून मागे बघत बसायचो. 1863 साली सुरू झालेल्या बोरघाटाचा चढ 37 ला 1, म्हणजे 37 फूट पुढे गेलं की एक फूट वर. एकट्या इंजिनाला तो झेपायचा नाही, म्हणून मागून रेटायला जादा इंजिनं लावायचे. त्यांना म्हणतात बँकर. हा बँकर मुंगीच्या पावलांनी यायचा आणि डब्यात हलकासा धक्का बसायचा. हातातला वडा पडणार नाही, इतकाच.

तो धक्का मला माझ्या मुलाला दाखवायचा होता. इथे इंग्लंडात 'ओओ' मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या शहात्तराव्या हिश्श्याच्या गाड्या घरोघरी असतात. दोन इंजिनं आणि चार डबे जुन्या बाजारातून घेतले. इंजिनं इंग्लंडची, घाट आपला! सहा फुटी फळी एका टोकाला पाच सेंटिमीटर उचलली की चढ 37 ला 1 झालाच.

अडलं ते कंट्रोलरपाशी. या गाड्या 12 व्होल्ट डीसीवर चालतात. एक रूळ प्लस, दुसरा मायनस. अदलाबदल केली की गाडी उलटी जाते. संचाबरोबर आलेल्या जुन्या कंट्रोलरचा नॉब फक्त व्होल्टेज कमी-जास्त करायचा. पण थांबलेल्या मोटरला जागची हलायला जास्त जोर लागतो. त्यामुळे नॉब फिरवत राहा, काही नाही, काही नाही, आणि मग एकदम टुणकन उडी. आमचा बँकर डब्यांवर रानडुकरासारखा धडकायचा.

यावर उपाय आहे पीडब्ल्यूएम. पावसाळ्यात फुगलेला दरवाजा एकसारखा रेटून उघडत नाही, पण छोटे छोटे ठोसे दिले की सरकतो. तसेच इथे पूर्ण 12 व्होल्टचे ठोसे सेकंदाला शेकडो वेळा द्यायचे. ठोसा अगदी आखूड ठेवला तर गाडी सरपटते, लांबवला तर पळते.

पहिला प्रयत्न मी 555 टायमर आणि एका मॉसफेटवर केला. फ्यूज लावला नाही. का? आळस! सांध्यावर डबा घसरला, दोन रूळ शॉर्ट झाले आणि मॉसफेट जळला. मला वाटायचं, जळला म्हणजे बंद पडला. पण मॉसफेट बऱ्याचदा जळतो तो 'चालू' अवस्थेतच. मुलाने डबा सरळ केला, नॉब शून्यावर असतानाच इंजिन सुसाट निघालं आणि टेबलावरून थेट फरशीवर. बफर तुटला. त्याला वाटलं, आपल्याच हातून मोडलं. पुढचे कित्येक दिवस तो नॉबला हात लावेना. "बाबा, तूच चालव," म्हणायचा. चूक माझी होती, हे त्याला किती वेळा सांगितलं. पण सहा वर्षांच्या मुलाला मॉसफेट काय समजावणार?

दुसरा कंट्रोलर म्हणून नीट विचार करून बांधला. आर्डुइनोचा एक बोर्ड, एल298एन मोटर ड्रायव्हर, एक पोटेन्शिओमीटर आणि दिशेसाठी स्विच. हा ड्रायव्हर स्वतःच दोनेक व्होल्ट खातो, म्हणून अडॅप्टर 15 व्होल्टचा घेतला, तोही दीड अँपिअरचाच. शिवाय आपोआप पूर्ववत होणारा एक अँपिअरचा पॉलिफ्यूज, काही पेन्सचा. सगळं मिळून अठरा पौंड. घरच्या 230 व्होल्टशी मात्र खेळ नको, तो सीलबंद अडॅप्टर दुकानातूनच आणा.

प्रोग्रॅम दहा-बारा ओळींचा. नॉब कितीही जोरात फिरवला तरी वेग दर दशांश सेकंदाला एकाच पायरीने वाढतो. पायऱ्या 255, म्हणजे पूर्ण वेग यायला पंचवीस सेकंद. खरी गाडी तरी कुठे एकदम पळते? एक सावधगिरी: कोअरलेस मोटरची इंजिनं कमी फ्रिक्वेन्सीच्या ठोशांनी तापतात. आपल्या इंजिनात कोणती मोटर आहे ते आधी बघा.

राहिला बँकर. एकाच रुळावर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही एकदमच निघणार. म्हणून पुढच्या भागाचा एक रूळ कापून तिथला प्रवाह साध्या स्विचमधून नेला. स्विच बंद, गाडी उभी; बँकर मागून येऊन टेकतो; स्विच चालू, दोघं मिळून घाट चढतात. हेच डिजिटल पद्धतीने करायचं तर डीसीसी आहे, त्यात प्रत्येक इंजिनाला स्वतःचा नंबर असतो. त्यासाठी ग्रेग बर्मन यांनी 2015 साली डीसीसी++ हा प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला केला, तोही आर्डुइनोवरच चालतो. आमची गाडी अजून तिथवर पोचलेली नाही.

कंट्रोलर तयार झाल्यावर मी मुलाला काही म्हटलं नाही. शेवटच्या डब्यात पाण्याने काठोकाठ भरलेलं बाटलीचं झाकण ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेलो. बऱ्याच वेळाने हाक आली, "बाबा, सांडलं नाही!"

तो डबा मागच्या टेबलावर मांडला आहे, झाकणासकट. नॉब चिरंजिवांच्या ताब्यात आहे. चालवायचा असेल तर त्यांची परवानगी घ्या, आणि वडे खाऊन आला असाल तर आधी हात पुसा.